मार्गशीर्षातली कापणी आणि बहिणाबाई: लिहिता न येणाऱ्या कवयित्रीची गाणी कशी वाचली?

थंडी पडली की शहरात हुरडा पार्टीचे बेत सुरू होतात. खेड्यात मात्र, मग ते खानदेशातलं असोदे असो की बुलढाणा जिल्ह्यातलं जानेफळ, हे महिने वर्षभराच्या कष्टाचा हिशेब लागण्याचे. ज्वारी कापायची, कापूस वेचायचा, खळ्यावर मळणी करायची आणि पोती घरात आणायची. या सगळ्या कामांना गाण्यात आणणारी एक शेतकरी बाई महाराष्ट्रात होऊन गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणजे बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा. जळगावजवळचं असोदे हे त्यांचं माहेर. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घामा, गणा आणि घना हे तीन भाऊ, तर अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. घर शेतकऱ्याचं, त्यामुळे शाळेचा प्रश्नच आला नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

संसार सुरू झाला, ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुलं झाली. पण तिशीतच बहिणाबाईंना वैधव्य आलं. पुढे प्लेगच्या आजारातून ओंकार बचावला, तो कायमचं अपंगत्व घेऊन. मुलं सांभाळायची, घर सांभाळायचं आणि शेतातही राबायचं. रडत बसायला वेळ नव्हता. नशीब सांगायला आलेल्या ज्योतिषाला माझ्या दारी येऊ नकोस, असं त्यांनी एका गाण्यात बजावलं आहे. आपल्या हातावरच्या रेषांपेक्षा हातातल्या कामावर त्यांचा भरवसा जास्त होता.

कामाबरोबर येणारं गाणं

बहिणाबाईंची गाणी कागदासमोर बसून सुचलेली नाहीत. पहाटे घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळण दळताना आणि शेतात राबताना ओव्या ओठांवर यायच्या. म्हणूनच त्यांच्या कवितांची नावं पाहिली तरी शेतीचं वर्ष उलगडत जातं. पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. मधे मोट आहे, पोळा आहे, आखजीचा सण आहे.

यातली कापणी ते उफणणी ही कामं थंडीच्या दिवसांतली. कापणीच्या गाण्यात त्या मार्गशीर्ष लागल्याची वर्दी देतात. कापणी झाली की कणसं खळ्यावर येतात. मधे खांब रोवायचा आणि त्याच्याभोवती बैल फिरवून कणसं तुडवायची, ही रगडणी. मग उंचावर उभं राहून पाटीतून धान्य खाली सोडायचं. वाऱ्यानं भूस उडून जातं आणि दाणे खाली पडतात, ही उफणणी. पण वाराच पडला तर? सगळं काम खोळंबतं. म्हणून बहिणाबाई उफणणीच्या गाण्यात वाऱ्याला हाक मारून खळ्यावर बोलावतात. वाचायला ही कल्पना गोड वाटते, पण त्या हाकेमागे हातातोंडाशी आलेलं वर्षभराचं पीक आहे.

कापूस वेचणीचीही तीच गत. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागतात आणि थंडीनं आधीच फुटलेल्या कातड्यातून रक्त येतं. ज्या हातांनी हे केलं त्यांनाच सुगरणीचं घरटं पाहून थक्क व्हायला जमलं. एवढीशी पाखरं, चोचीशिवाय दुसरं हत्यार नाही, आणि विणकाम असं. दिवसभर राबणाऱ्या बाईनं दुसऱ्या राबणाऱ्या जिवाला दिलेली ही दाद आहे.

त्यांची भाषा लेवा गणबोली. खानदेशी आणि वऱ्हाडी या दोन्हींची चव तिच्यात आहे. त्यामुळे बुलढाण्याच्या मलकापूर, नांदुरा पट्ट्यातल्या वाचकाला ती परकी वाटत नाही.

वही नसती तर?

इंग्लंडमध्येही असाच एक शेतमजूर कवी होऊन गेला, जॉन क्लेअर (१७९३-१८६४). तिथल्या हिवाळ्यात जमीन गोठायची आणि मळणी कोठारात चालायची. त्यानं १८२७ मध्ये खेड्यातल्या बारा महिन्यांवर अख्खं पुस्तकच काढलं. फरक इतकाच की क्लेअरला लिहिता येत होतं.

बहिणाबाईंचं गाणं मात्र काम संपलं की हवेत विरून जायचं. त्यांचा मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाला. त्यानं आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमतील तेवढी गाणी टिपून ठेवली. बाकीची गेली. किती गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचं निधन झालं. तेव्हा मार्गशीर्षच चालू होता. त्यानंतर सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना ती इतकी भावली की ती छापलीच पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलं आणि जळगावची ही शेतकरी बाई मराठी घराघरात पोहोचली. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून आज हजारो मुलं पदवी घेतात.

त्या काळी जात्यावर गाणारी बाई गावोगाव होती. बहिणाबाईंचं वेगळेपण त्यांच्या प्रतिभेत तर आहेच. पण त्यांच्या घरात कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि लिहून ठेवलं, हेही तितकंच खरं आहे.