समजून घ्या : देवळांमुळे माहीत असलेले हेमाडपंत हिशेबाच्या नियमांशी कसे जोडले गेले?

जालना : भोकरदन तालुक्यातील अन्व्याचे दगडी शिवमंदिर ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. मंदिर साधारण १२व्या शतकातले मानले जाते, तर हेमाडपंत १३व्या शतकातले. त्यांचे नाव देवळांना चिकटले. पण त्यांचे खरे काम होते राज्याचे दफ्तर सांभाळण्याचे.

कोण होते हेमाडपंत?
मूळ नाव हेमाद्री, वडील कामदेव. देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात ते ‘श्रीकरणाधिप’ होते. ‘करण’ म्हणजे लेखन-हिशेबाचे खाते आणि श्रीकरणाधिप म्हणजे त्याचा प्रमुख. आजच्या जालना जिल्ह्याचा परिसर तेव्हा यादवांच्याच राज्यात होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. त्यातील व्रतखंडाच्या सुरुवातीला यादव राजांची वंशावळ येते, म्हणून इतिहासाचे अभ्यासकही तो वाचतात.

मेस्तक म्हणजे काय?
सरकारी पत्राचा मायना कसा असावा, हिशेब कसा मांडावा, याचे नियम सांगणारी पोथी म्हणजे मेस्तक. परंपरेने ती हेमाडपंतांची मानली जाते. मात्र मिळालेल्या प्रती नंतरच्या काळातल्या आहेत, त्यामुळे त्यातला प्रत्येक नियम त्यांचाच, असे म्हणता येत नाही. मोडी लिपीचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्यावरही अभ्यासकांचे एकमत नाही.

नियमांची गरज का?
प्रत्येक कारकुनाने आपापल्या पद्धतीने लिहिले, तर एकाची वही दुसऱ्याला तपासता येत नाही. सारा भरलेल्या शेतकऱ्याकडे तोच सारा पुन्हा मागितला गेला, तर आधीची नोंद सापडायला हवी आणि ती कोणालाही वाचता यायला हवी. मांडणी ठरलेली असली की लिहिणारा बदलला तरी हिशेब अडत नाही. गावचा हिशेब ठेवणाऱ्या ‘कुलकर्णी’ या पदाच्या नावातही हेच ‘करण’ असल्याचे मानले जाते. पुढे मराठी दफ्तरांत रोजची नोंद रोजकीर्दीत आणि खातेवार नोंद खतावणीत, ही पद्धत रुळली.

जगात काय घडले?
इटलीतील लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धत छापील ग्रंथात मांडली. ती त्यांनी शोधली नव्हती. चालत आलेली रीत लिहून काढली होती. रीत लिहून ठेवली की तिचा नियम होतो.

आज कोण ठरवते?
भारतात १९४९ मध्ये सनदी लेखापालांची संस्था कायद्याने स्थापन झाली. तिने १९७७ मध्ये लेखा मानक मंडळ नेमले. त्यामुळे जालन्यातील एखाद्या कंपनीचा ताळेबंद आज मुंबईतील बँकेलाही तपासता येतो. साधने बदलली, एकाने लिहिलेला हिशेब दुसऱ्याला वाचता यावा, ही अट कायम आहे.