राक्षसी सरडे आणि थर्मामीटर

फास्टर फेणे तुम्हाला २०१७च्या सिनेमातून माहीत असेल. त्याचे जनक भा. रा. भागवत १९१० साली जन्मले. त्यांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं आणि फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला. भाषांतर म्हणून नाक मुरडू नका हं! ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ घ्या. धाराशिव लेण्यांच्या अंधारात तुम्ही शिरला असाल. इथला प्राध्यापक थेट पृथ्वीच्या पोटात उतरतो. वाटेत थर्मामीटर बघतो, खोली मोजतो. मग भूगर्भातल्या समुद्रात दोन अवाढव्य सरडे झुंजतात! खोल जाताना उष्णता वाढतेच, तिथे व्हर्न चुकला. पण राक्षस दिसला तरी मोजमाप सोडायचं नाही, हे वेड भागवतांनी मराठीत आणलं. २००१ साली ते गेले. लायब्ररीत गेलात तर फेणेच्या शेजारी हेही पुस्तक शोधा.