सतरा अंकी संख्येतील हर्ष शोधणारे द. रा. कापरेकर

एक हा अंक सलग नऊ वेळा लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती उलट वाचली तरी तीच राहते. अशा संख्यांचा अभ्यास करून त्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे गणिती म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ही कल्पना त्यांना डोंबिवली रेल्वे स्थानकात सुचली, आणि हे नावही त्या स्थानकावरूनच आले.

या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या संख्यांना कापरेकर यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे संबोधले.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, तर १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले.

१९४६ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हेच उत्तर येते. उदाहरणार्थ, ३५२४ या संख्येपासून ३०८७, ८३५२ आणि नंतर ६१७४ मिळते.

देशातील अनेक गणितज्ञांनी मात्र हे संशोधन क्षुल्लक मानले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने कापरेकर यांना उतारवयात शिकवण्याही घ्याव्या लागल्या. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कार्याची दखल घेतली आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले. एकेकाळी क्षुल्लक ठरवली गेलेली ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.