माझगावच्या विहिरीवरील वाफेचे यंत्र

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाणाऱ्यांचे लक्ष तटावरील दोन तोफांकडे हमखास जाते. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या या ओतीव तोफांवर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या लो मूर येथील कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले, त्यानंतरच्या या तोफा. लोखंड ओतण्याची आणि घडविण्याची विद्या ज्याच्या हाती, त्याच्याच हाती समुद्र, असा तो काळ होता. मात्र, या तोफा ओतल्या जाण्यापूर्वीच, मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर माझगाव येथे एका भारतीयाने ती विद्या स्वतःच्या घरी आणून रुजविली होती. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

वाडिया हे जहाजबांधणीत नावाजलेले पारशी घराणे. मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. कान्होजी आंग्रे यांचे निधन १७२९ मध्ये झाले होते; तरी आंग्र्यांच्या गुराबांचा आणि गलबतांचा दरारा या किनाऱ्यावर अजून कायम होता. पुढील शंभर वर्षांत वाडियांनी सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली, त्यांची मागणी थेट ब्रिटिश आरमाराकडून येऊ लागली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. अशा घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी रुस्तमजी गोदीतच कामाला होते. अर्देशीरही वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, गोदीत दाखल झाले.

पिढीजात व्यवसाय आयता मिळाला असला, तरी त्याच्या भवितव्यावर सावट पडू लागले होते. १८३० च्या मार्च महिन्यात 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. तिचा सांगाडा मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली तयार झाला होता. तिला चालविणारी यंत्रे मात्र इंग्लंडहून आली होती. जहाज आपले आणि यंत्र परक्याचे, ही विभागणी कायम राहिली तर एके दिवशी जहाजबांधणीही हातची जाणार, हे उघड होते. अर्देशीर यांनी हा धोका ओळखला असावा. कारण याच सुमारास त्यांनी वाफेच्या यंत्राचा ध्यास घेतला.

माझगावच्या राहत्या जागेत त्यांनी लहानशी ओतशाळा उभारली आणि स्वखर्चाने एक अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र तयार केले. ते विहिरीवर बसवून त्याने पाणी उपसले जाऊ लागले आणि बागेतले एक कारंजेही चालू लागले. आजच्या पाण्याच्या पंपांच्या काळात ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु यंत्र लहान असले म्हणजे ते सोपे असते, असे नाही. आकार कमी झाल्याने लोखंड आणि कोळसा वाचतो; कारागिरीतून मात्र सुटका होत नाही. आधी प्रत्येक भागाचा लाकडी नमुना करावा लागतो. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून तो नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. मग वाळूत साचा पाडून त्यात वितळलेले लोखंड ओतायचे. साच्यात हवा कोंडली की ओतीव भागात पोकळी राहते आणि सारी मेहनत वाया जाते.

खरी परीक्षा त्यानंतरची. सिलिंडर आतून एकसारखा गोल कोरला गेला नाही, तर दट्ट्या कुठे अडकतो आणि कुठे बाजूने वाफ निसटते. खुद्द जेम्स वॅट याचे यंत्रही, जॉन विल्किन्सन याने १७७० च्या दशकात सिलिंडर अचूक कोरण्याची युक्ती काढीपर्यंत, नीट चालत नव्हते. वाफ आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप नेमक्या क्षणी उघडली पाहिजे. बाष्पकाचे सांधे दाबाला टिकले पाहिजेत. माझगावच्या विहिरीवरचे पाणी वर आले, याचा अर्थ एवढ्या सगळ्या गोष्टी एका भारतीयाला साधल्या होत्या.

त्यानंतरची पावले झपाट्याने पडली. १८३३ मध्ये त्यांनी सुमारे ६० टनांचे 'इंडस' हे जहाज पाण्यात उतरविले आणि त्यावर वाफेचे यंत्र स्वतः बसविले. १८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. हे काम त्यांनी एतद्देशीय कारागिरांच्याच साहाय्याने पार पाडले होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी ते येऊन पाहिले.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथील यंत्रकारखान्यांत त्यांनी आधुनिक यंत्रविद्येचा अभ्यास केला. त्या प्रवासाची रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रविद्येच्या दृष्टीने हा मोठा मोक्याचा काळ होता. 'ग्रेट ब्रिटन' या आगबोटीचा आस घडविण्याजोगा मोठा हातोडा कोणापाशी नव्हता. त्यावर तोडगा म्हणून जेम्स नॅस्मिथ याने १८३९ च्या नोव्हेंबरमध्ये वाफेच्या हातोड्याचे रेखाचित्र काढले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील ल क्रूझो येथे असा हातोडा उभा राहिला आणि १८४२ मध्ये नॅस्मिथ याने त्याचे पेटंट घेतले. युरोपात लोखंडकाम नवे रूप धारण करीत असताना अर्देशीर तेथेच होते.

२७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय श्रीनिवास रामानुजन यांना तो १९१८ मध्ये, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी मिळाला. त्याच वर्षी, १८४१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक केली. त्यांच्या हाताखाली युरोपीय कर्मचारीही आले. एका एतद्देशीयाने गोऱ्या कामगारांवर अधिकार गाजवावा, ही कल्पनाच अनेकांना रुचली नाही. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रातून त्यांच्या पात्रतेविषयी शंका घेण्यात आल्या. अर्देशीर यांनी मात्र हे पद १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत सांभाळले. दरम्यान १८५१ मध्ये त्यांची 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात उतरली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्याच ओतशाळेत तयार झाले होते. 'ह्यू लिंडसे'च्या वेळी जहाज आणि यंत्र यांत पडलेले अंतर त्यांनी आपल्यापुरते भरून काढले होते.

पुढे १८६१ मध्ये सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीत त्यांनी अधीक्षक अभियंता म्हणून काम पाहिले. अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये काढली आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे देहावसान झाले. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लाकडी जहाजांचे युग संपले आणि लोखंडी आगबोटींचे कारखाने इंग्लंडमध्ये एकवटले. एकट्या माणसाच्या कर्तृत्वाने हा प्रवाह वळणे शक्य नव्हते. परंतु यंत्र करणे भारतीयांना जमणार नाही, हा समज खोडून काढण्यासाठी अर्देशीर यांनी वाद घातला नाही. त्यांनी यंत्र केले. त्या ओतशाळेत वाळूचे साचे पाडणाऱ्या आणि कानस चालविणाऱ्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मुंबईच्या उद्योगांचा पाया घालण्यात त्यांचाही वाटा आहे, याचे स्मरण अर्देशीर यांच्यासोबतच ठेवायला हवे.