पंडिता रमाबाई आणि समजेल असे शास्त्र



पालम व आसपासच्या खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंनी आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारला आहे. मराठीत पवित्र शास्त्राची एकाहून अधिक भाषांतरे आता मिळतात. कोणी आजोबांच्या वेळचे जीर्ण पुस्तक जपून वाचतो, कोणी सोप्या मराठीतले घेतो, आणि तरुण मंडळी हातातल्या फोनवर वाचतात. तेव्हा उपासनेत कोणते वाचावे, घरी कोणते वाचावे, आणि अर्थ कळावा म्हणून जोडीला काय ठेवावे? ह्या प्रश्नावरून एका ठिकाणी तर भावाभावांत अबोलाही झाला.

ह्याचे उत्तर आम्ही एकदा शिकलो ते असे. पालमजवळील एका वस्तीत संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही ख्रिस्त आमच्या पापांचे प्रायश्चित्त आहे ह्या विषयावर बराच वेळ बोललो. सर्व संपल्यावर एक वृद्ध बाई जवळ आली आणि तिने हळूच विचारले की, आपल्याला किती माणसांस जेवण घालावे लागेल. प्रथम आम्हांस काहीच उमगले नाही. मग कळले की, तिच्या माहेरी प्रायश्चित्त म्हणजे जातीच्या पंचांनी ठरविलेला दंड व जातीला द्यावयाचे जेवण. ते दिल्यावाचून माणूस परत जातीत येत नसे. बाप्तिस्मा घेतल्यापासून ती बिचारी त्या जेवणाच्या खर्चाची काळजी वाहत होती. जो शब्द तिला सुटकेची वार्ता सांगणार होता, त्यानेच तिच्या डोक्यावर कर्ज ठेवले. चूक तिची नव्हती. आम्ही कठीण शब्द उच्चारला आणि तो कोणाच्या कानी काय होऊन पडतो हे पाहिले नाही. त्या रात्री आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण झाली. आणि त्यांचे चरित्र ह्याच दृष्टीने वाचकांपुढे मांडावे असे तेव्हापासून मनात होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. स्त्रीला संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि पुढे त्या मातेने पहाटे उठून आपल्या मुलीस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. लहान वयातच रमाबाईंस हजारो श्लोक मुखोद्गत होते. पुढे दुष्काळ आला. १८७४ साली आईबाप गेले, नंतर बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तेव्हा तिचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

आता जी गोष्ट आम्ही सांगणार आहो, तिजकडे आमच्या उपदेशक बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. कलकत्त्यातच काही ख्रिस्ती लोकांनी ह्या तरुण पंडितेस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. विदुषीस विद्वानांच्या भाषेतील ग्रंथ द्यावा, हे कोणासही योग्यच वाटेल. पण रमाबाईंनी ते वाचून पाहिले आणि त्यांस काहीच समजले नाही. ज्या संस्कृत वाङ्मयात त्या वाढल्या त्याहून ही भाषा निराळी, शिकवणही निराळी. हे वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय असे त्यांस वाटले, व त्यांनी पुस्तक बाजूस ठेवले. जिला सारे संस्कृत येत होते, तिलाही संस्कृत शास्त्र कळले नाही. मग आमच्या शेतकरी बंधूंस त्यांच्या बोलीबाहेरचे शब्द कळले नाहीत तर त्यांस मंदबुद्धी का म्हणावे?

भावाच्या मृत्यूनंतर १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते शूद्र मानलेल्या जातीचे असल्यामुळे ह्या विवाहाने मोठी खळबळ उडाली. आसामातील सिल्चर येथे संसार मांडला असता घरातील पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. बंगाली त्या बोलत व वाचत. ही प्रत त्यांनी आवडीने वाचली. अॅलन नावाचे एक बाप्तिस्त मिशनरी घरी येत व उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ सांगत. पतीस हे फारसे रुचले नाही, तथापि त्यांच्या मनात पडलेले बीज राहिले. एका बाजूस संस्कृतातले संपूर्ण शास्त्र, दुसऱ्या बाजूस रोजच्या भाषेतले एकच शुभवर्तमान व ते समजावून देणारा एक मनुष्य; आणि ह्या दुसऱ्याच वाटेने त्या आत आल्या.

१८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीने पती वारले. कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. पुण्यातच मिस हरफर्ड ह्या मिशनरी बाईंपाशी त्या नवा करार नियमाने वाचू लागल्या. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, जे स्वतः काशीतील पंडित असून ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या शिकवणीने त्यांच्या पुष्कळ शंका फिटल्या. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे पतित स्त्रियांची सेवा चालते ती जागा त्यांनी पाहिली, आणि शोमरोनी स्त्री व प्रभु ह्यांच्या विहिरीवरील संभाषणाचा अध्याय त्यांस वाचून दाखविण्यात आला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण अंतःकरणाची पूर्ण खात्री व शांती त्यांस पुढे काही वर्षांनी मिळाली, आणि तिलाही हॅस्लम नावाच्या सुवार्तिकाने लिहिलेले एक पुस्तक कारण झाले. साहाय्यक पुस्तकांस तुच्छ मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेहून साह्य मिळवून त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्या असा बोभाटा होऊन १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६ नंतरच्या व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुली व विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणिल्या. ते मुक्ती मिशन होय. तेथे दीड हजारांहून अधिक जीव एकत्र नांदू लागले.

ह्या स्त्रिया कोण होत्या? बहुतेक निरक्षर, खेड्यांतल्या, अनेक परगण्यांच्या. त्यांस शास्त्र शिकविताना रमाबाईंस जे आढळले, तेच आम्हांस पालमजवळ त्या वृद्ध बाईपाशी आढळले. मराठीत शास्त्र तेव्हा नवे नव्हते. विल्यम केरी यांनी श्रीरामपुराहून मत्तयचे शुभवर्तमान १८०५ साली व नवा करार १८११ साली मराठीत छापला होता, आणि पुढे मुंबईतील मिशनरी व बायबल सोसायटी यांनी भाषांतर पुन्हा पुन्हा सुधारले. तरी त्यातील कित्येक शब्द अति संस्कृत आहेत, आणि कित्येकांस जुन्या धर्माच्या कल्पना चिकटल्या आहेत, असे रमाबाईंचे मत झाले. जिने आयुष्याचा पूर्वार्ध त्याच शब्दांच्या सहवासात घालविला, तिच्या कानास हा फरक जितका कळला तितका परक्यास कळणे कठीण होते.

म्हणून १९०५ च्या सुमारास, सत्तेचाळिशी गाठलेल्या ह्या बाईंनी इब्री व ग्रीक मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे तेथील स्त्रियाच करीत. ज्यांस काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती, त्यांनी देवाच्या वचनाची पाने जुळविली. बाईंस ऐकू कमी येऊ लागले, शरीर थकले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमाही गेली. तरी तावांची शुद्धी चालूच होती. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस त्या प्रभूजवळ गेल्या. शेवटचे ताव त्यांनी मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी तपासून संपविले असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून सगळे शास्त्र आपल्या भाषेत आणावे, अशी उदाहरणे जगात फार थोडी. अमेरिकेत जूलिया स्मिथ यांनी १८७६ साली आपले इंग्रजी भाषांतर छापिले, ते त्यांपैकी एक.

खरे ते सांगितले पाहिजे. रमाबाईंचे भाषांतर आमच्या मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचेच चालत राहिले. मुळाला शब्दशः चिकटून राहण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे काही ठिकाणी वाक्य अवघड झाले आहे असे जाणते म्हणतात. साधेपणा व अचूकपणा ही दोन्ही ओझी एका खांद्यावर घेणे किती कठीण, हे त्यावरून दिसते. एकच भाषांतर सर्वांची सर्व गरज भागवील अशी आशा कोणी धरू नये.

तर मग आम्ही काय करावे? आमचे मत थोडक्यात असे आहे. उपासनेत मंडळीच्या कानास सवयीचे आहे तेच वाचावे, म्हणजे सर्वांस एकत्र म्हणता येईल व पाठ करिता येईल. घरी, आणि नव्या विश्वासणाऱ्यांबरोबर, सोप्या मराठीतले घ्यावे. उपदेशकाने तयारी करिताना निदान दोन भाषांतरे शेजारी ठेवावी. जेथे दोहोंत फरक दिसेल तेथे थांबावे, कारण बहुधा तेथेच मूळ शब्द खोल असतो. साहाय्यक पुस्तकांत प्रथम शब्दसूची घ्यावी, की जीवरून एकच शब्द शास्त्रात कोठे कोठे आला ते पाहता येते. मग एक शास्त्रीय कोश व नकाशे. टीका शेवटी वाचावी. बाबा पदमनजींसारख्या मराठी माणसाने नव्या करारावर टीका लिहिली आहे. आपल्या भाषेत विचार करणाऱ्याचे लिखाण अधिक उपयोगी पडते. फोनवर वाचणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. मात्र ते भाषांतर कोणी केले हे पाहून घ्यावे. आणि तळटीप ही माणसाची आहे, वचन देवाचे आहे, हा भेद कधी विसरू नये.

सर्वांत मुख्य गोष्ट ही की, वाचून झाल्यावर पुस्तक मिटण्यापूर्वी विचारावे. मागे बसलेल्या, न वाचता येणाऱ्या बाईस विचारावे की, तिने काय ऐकले. आम्ही त्या वृद्ध बाईकडे पुन्हा गेलो. तो अध्याय दुसऱ्या भाषांतरातून वाचला, आणि जेवण घालावयाचे नाही, ते दुसऱ्याने भरून दिले आहे, हे तिच्याच बोलीत सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पदर डोळ्यांस लाविला व सुनेस हाक मारून तेच पुन्हा वाचावयास सांगितले.

प्रभु आम्हां सर्वांस त्याचे वचन समजून वाचण्याची व समजावून सांगण्याची बुद्धी देवो. आमेन.