रोह्याचे चिंतामणराव आणि देशाचा जमाखर्च

अर्थसंकल्प आला की आपली चर्चा काय स्वस्त झाले नि काय महागले यावरच संपते. हा पैसा मंजूर कोण करते, तो मागण्याआधी कोण तपासते, हे विचारणारे थोडे. ज्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे याच कागदांतल्या एखाद्या ओळीवर चालतात, त्या समाजाने तरी हे समजून घेतले पाहिजे. त्यासाठी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका माणसाचे चरित्र उपयोगी पडते. ते म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. बालपण रोहा, तळा या भागात गेले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले आले. नोकरी मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवालयात काम करत होते. त्याच परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून भांडत होते.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. या बँकेच्या स्थापनेआधी, १९२५ साली, हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतही देशमुख भारताच्या शिष्टमंडळात होते.

१ जून १९५० रोजी ते देशाचे अर्थमंत्री झाले. कायदामंत्री बाबासाहेब होते. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा देईपर्यंत दोघे एकाच मंत्रिमंडळात बसले. देशमुखांना ज्या नियमांखाली पैसा मागायचा होता ते नियम बाबासाहेबांनीच संविधान सभेत मांडलेले होते. इंग्रजी अमलात सभागृहाने मते दिली तरी खर्चाच्या यादीवर शेवटची मोहोर गव्हर्नर जनरलची असे. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ती पद्धत काढून विनियोजन कायद्याची तरतूद आणली. आता संसदेने कायदा केल्याशिवाय संचित निधीतून पैसा निघत नाही. महालेखापरीक्षकाचे पद तर त्यांना संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे वाटत होते.

पण सभागृहात पाचशे माणसांनी हजारो बाबी तपासायच्या कशा? मागण्यांवरची चर्चा ठरल्या दिवशी थांबवून उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. ही अडचण ओळखून आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई यांनी अंदाज समिती सुचवली आणि एप्रिल १९५० मध्ये ती स्थापन झाली. सुरुवातीला २५ सदस्य होते, १९५६ पासून ३०. मंत्र्याला तिथे जागा नाही. अनंतशयनम अय्यंगार हे तिचे पहिले अध्यक्ष. मथाई लवकरच नियोजन आयोगावरून मतभेद होऊन बाहेर पडले, त्यामुळे या समितीला तोंड देण्याचे काम देशमुखांच्या वाट्याला आले.

इथे एक गैरसमज दूर करावा. अर्थसंकल्प समिती तयार करत नाही. तो अर्थमंत्रालय तयार करते, मंत्रिमंडळ मान्य करते आणि मंत्री मांडतो. समिती काही खाती निवडते, त्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावते, कागद मागवते आणि काटकसर कुठे होईल, कारभार कसा सुधारेल हे सुचवते. तिच्या अहवालासाठी मतदान अडत नाही आणि शिफारस सरकारवर बंधनकारकही नाही. झालेल्या खर्चाचा हिशेब पाहणारी लोकलेखा समिती वेगळी, ती १९२१ पासूनची. अंदाज समितीचे हात बांधलेले आहेत असे म्हणता येईल, आणि ते खरेच आहे. तरी सचिवाला लोकप्रतिनिधींपुढे बसून उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट लहान नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशमुख कुलाबा मतदारसंघातून निवडून आले. पेण, रोहा, महाड हे सारे तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. त्या वर्षी फेब्रुवारीत अंतरिम आणि मे महिन्यात नव्या लोकसभेपुढे पूर्ण अर्थसंकल्प त्यांनी मांडला. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा २,०६९ कोटींचा आराखडा, १ जुलै १९५५ ची स्टेट बँक, जानेवारी १९५६ मधले आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, हे सगळे त्यांच्याच काळातले. संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह १९५३ चा.

मग मुंबईचा प्रश्न आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या निर्णयावर आणि गोळीबारावर ते गप्प राहिले नाहीत. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत पंतप्रधानांच्या कारभारावर उघड टीका करून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. बाबासाहेबांनी १९५५ च्या आपल्या पुस्तकात मुंबईचे वेगळे राज्य सुचवले होते, म्हणजे दोघांची मते इथे जुळत नव्हती. हे लपवण्याचे कारण नाही. कुलाब्याने मात्र आपला खासदार मंत्रिपदावर लाथ मारून आलेला पाहिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि अनुसूचित जातींसाठी केंद्राच्या अर्थसंकल्पात असलेल्या सवलती बौद्धांना लागू नाहीत असे ठरले. १९५० च्या आदेशात बौद्धांचे नाव नव्हते. ते यायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे आपली मुले त्या ओळीच्या बाहेर होती. ही जागा कोणत्या समितीत, कोणी विचारायची होती, हे आजही तपासण्यासारखे आहे.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते हरले, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षीच कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते.