गरुडांचा हिशेबनीस

कॅनडातील विनिपेग शहरी चार्ल्स ब्रोली नावाचे एक गृहस्थ बँकेत व्यवस्थापक होते. त्यांचा जन्म १८७९ चा. आयुष्यातील उमेदीची वर्षे त्यांनी जमाखर्चाच्या वह्यांत घालविली. पण पक्ष्यांचे वेड त्यांना होते. साठीच्या उंबरठ्यावर ते नोकरीतून निवृत्त झाले आणि हिवाळ्याचे दिवस अमेरिकेतील फ्लोरिडा या उबदार राज्यात काढावेत, असे त्यांनी ठरविले. या वयात माणसे आरामखुर्चीचा शोध घेतात. ब्रोलींनी मात्र उंच उंच झाडांवर चढण्यास आरंभ केला.

याचे कारण एक साधा प्रश्न होता. पांढऱ्या मस्तकाचा गरुड १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर विराजमान आहे. परंतु फ्लोरिडात जन्मलेले गरुड पुढे कोठे जातात, हे कोणासही सांगता येत नव्हते. ते जन्मभर तेथेच राहतात, असा सर्वांचा समज होता. याचा छडा लावण्याचा उपाय एकच. पिल्लू घरट्यात असतानाच त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके धातूचे कडे घालावयाचे आणि त्यास त्याच्या वाटेने जाऊ द्यावयाचे. पुढे तो पक्षी कोणास सापडला, तर कड्यावरील क्रमांकावरून त्याचे जन्मस्थान कळते. तोपर्यंत साऱ्या अमेरिकेत अवघ्या १६६ गरुडांना अशी कडी घातली गेली होती. हे काम ब्रोलींनी १९३९ मध्ये अंगावर घेतले.

काम सोपे नव्हते. गरुड आपले घरटे उंच पाईन वृक्षाच्या शेंड्याजवळ बांधतो, वर्षानुवर्षे तेच वापरतो आणि दरवर्षी त्यात नव्या काटक्यांची भर घालतो. फ्लोरिडातील अशा एका घरट्याची रुंदी जवळजवळ तीन मीटर आणि खोली सहा मीटर भरली होती. एखाद्या झोपडीएवढा तो काटक्यांचा ढीग! दोराच्या शिडीने बुंध्यावरून वर जाता येई. पण खरी कसोटी पुढेच असे. घरट्याचा काठ चोहोबाजूंनी बाहेर आलेला असतो. त्यास वळसा घालून आत डोकवावयाचे, म्हणजे काही क्षण अधांतरी लोंबकळणे आले. खाली कठीण जमीन आणि वर आक्रोश करीत घिरट्या घालणारे आईबाप. आत तपकिरी पिसांची एकदोन पिल्ले वाकड्या चोची वासून, नखे पुढे करून सज्ज असत. ब्रोली एकेकास धरीत, त्याच्या पायात कडे बसवीत, त्यास पुन्हा घरट्यात ठेवीत आणि खाली उतरून वहीत नोंद करीत. टँपापासून फोर्ट मायर्सपर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावर दहा वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक पिल्लांना कडी घातली.

लवकरच उत्तरे येऊ लागली. कड्यांचे गरुड उत्तरेकडे दूरदूर सापडले. काही तर कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत, म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहूनही पलीकडे पोचले होते. स्थायिक समजला जाणारा हा पक्षी मोठा प्रवासी निघाला. पुस्तकांतील एक समज ब्रोलींच्या वहीने खोडून काढला.

परंतु त्या वहीत आणखी एक गोष्ट उमटत होती. आरंभीच्या वर्षांत ब्रोलींना दर हिवाळ्यात सुमारे १२५ नांदती घरटी आढळत आणि सुमारे १५० पिल्लांना ते कडी घालीत. १९४७ पासून हा आकडा घसरू लागला. काही घरट्यांत अंडीच नसत. काहींत अंडी असत, पण ती फुटून पिल्ले बाहेर येत नसत. १९५७ मध्ये ४३ घरट्यांवर गरुड दिसले. त्यांपैकी ७ घरट्यांत मिळून ८ पिल्ले होती, २३ घरट्यांत न उबलेली अंडी होती आणि उरलेल्या १३ घरट्यांचा उपयोग गरुड केवळ बसून खाण्यासाठी करीत होते. पुढच्या वर्षी किनाऱ्याचे १६० किलोमीटर धुंडाळल्यावर त्यांना कडे घालण्यास एकच पिल्लू मिळाले.

ही आपत्ती इतरांच्या नजरेस लवकर का आली नाही? गरुड दीर्घायुषी पक्षी आहे. आकाशात घिरट्या घालणारे थोर गरुड पाहून लोक निश्चिंत होते. घरटी मोकळी आहेत, हे झाडावर चढल्यावाचून कसे कळावे? वर्षानुवर्षे त्याच घरट्यांकडे जाणाऱ्या बँकेच्या या जुन्या हिशेबनिसालाच जमेची बाजू आटत चालल्याचे दिसले.

किनाऱ्यावर वस्ती वाढत होती, झाडे तोडली जात होती, शिकारही होत होती. परंतु अंडी वांझ का निघावीत, याचा उलगडा त्यातून होईना. दुसऱ्या महायुद्धानंतर डासांच्या नाशासाठी दलदलींवर डीडीटी हे औषध फवारले जाऊ लागले होते. ते माशांच्या शरीरात साठते आणि मासे खाणाऱ्या गरुडांना बाधते, असा संशय ब्रोलींनी १९५८ मध्ये लेख लिहून व्यक्त केला. हाती पुरावा मात्र अपुरा होता. १९५९ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांची वही वाया गेली नाही. १९६२ मध्ये रेचेल कार्सन या लेखिकेने ‘सायलेंट स्प्रिंग’ या गाजलेल्या ग्रंथात तिच्यातील आकडे जगापुढे मांडले. त्या दशकाच्या अखेरीस संशोधकांना दिसून आले, की डीडीटीमुळे अंड्याचे कवच पातळ होते आणि उबविणाऱ्या पक्ष्याच्या भाराखाली अंडे फुटते. ससाण्यांवरही हेच संकट कोसळले होते. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली.

पण जेथून गरुड नाहीसेच झाले होते, तेथे ते परत कसे यावेत? न्यूयॉर्क राज्यात तर १९७६ साली एकच जोडपे उरले होते आणि त्यालाही पिल्ले होत नव्हती. तेव्हा ससाणे पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती उपयोगी पडली. दुसऱ्या प्रांतांतून आणलेली पिल्ले पाणथळीजवळच्या मचाणावर पिंजऱ्यात ठेवीत. माणूस त्यांच्या दृष्टीस पडू नये, म्हणून मासे आडोशाने आत सरकवीत. पंखांत बळ आले, की दार उघडून देत. मात्र शिकार साधेपर्यंत मचाणावर अन्न मांडलेले असेच. पायांत अर्थातच कडी असत. पुढील काही आठवडे निरीक्षक दुर्बिणी घेऊन त्यांच्या मागावर राहत. १९८८ पर्यंत असे १९८ गरुड त्या राज्यात सोडण्यात आले. पहिल्या वर्षी सोडलेल्यांपैकी दोघांनी १९८० मध्ये घरटे बांधले आणि त्यात पिल्ले वाढविली.